परदेशी शाळेसोबत एक्स्चेंज ट्रिप: स्थलांतरितांचं जगणं मुलांना कळावं यासाठी काय काय करायचं

पहिल्यांदाच एक्स्चेंज करणाऱ्या शिक्षकांसाठी लिहितेय. दोन देशातल्या दोन शाळा, आठ-दहा दिवस आपली मुलं त्यांच्या घरी राहायची आणि काही महिन्यांनी त्यांची मुलं आपल्या घरी, एवढाच साचा असतो. पण ट्रिपचा विषय "स्थलांतर" असा ठरला की बऱ्याच शाळा एकच गोष्ट करतात, प्रोग्रॅममध्ये एक दिवस निर्वासितांच्या वस्तीची किंवा सेंटरची भेट टाकतात आणि बाकीचे दिवस साइटसीइंग. मी पण पहिल्या वेळी हेच केलं होतं. मुलं गेली, बघितलं, दोघीजणी रडल्या, फोटो काढले, परत आली, आणि महिन्याभरात वर्गात पुन्हा तीच "ती लोकं" वाली भाषा सुरू. मला फार वाईट वाटलं, कारण कष्ट सगळ्यांनीच घेतले होते.

नंतर लक्षात आलं की मुलांना खरं काय कळतं ते त्यांच्या स्वतःच्या छोट्या छोट्या अनुभवांतून कळतं. भाषा येत नाही म्हणून घरातल्यांशी बोलता न येणं, कागद कमी पडला म्हणून परत रांगेत उभं राहणं, कुणाच्यातरी घरात पाहुणं म्हणून राहताना बाथरूम कधी वापरायचं हे पण विचारायला लागणं. ट्रिपमध्ये हे सगळं आपोआप घडतंच, फक्त आपण त्याकडे त्रास म्हणून बघतो, शिकवण्याचा भाग म्हणून बघत नाही. आणि त्याचबरोबर मुलांना हे पण सांगत राहायचं की तुझ्या खिशात परतीचं तिकीट आहे, त्यांच्याकडे नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र धरून ठेवली की प्लॅनिंग कसं करायचं ते सुचत जातं.

पायरी १ : पार्टनर शाळा (किमान वर्षभर आधी)

वर्ष म्हणजे खरंच वर्ष, बारा ते चौदा महिने. पार्टनर शोधायला युरोपात इरॅस्मस प्लस (शिक्षणासाठी युरोपियन युनियनची अनुदान योजना) आणि ई-ट्विनिंग आहे (ई-ट्विनिंग २००५ पासून चालू आहे, शिक्षक तिथे एकमेकांना शोधून आधी ऑनलाइन प्रोजेक्ट करतात), एएफएससारख्या संस्था अनेक देशांत मुलांना पाठवतात. एएफएसची गोष्ट मुलांना जरूर सांगा, पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना ॲम्ब्युलन्सने नेणाऱ्या स्वयंसेवकांची ती संघटना होती आणि दुसरं युद्ध पाहिल्यावर त्यांनी ठरवलं की आता शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशात पाठवायचं, १९४७ पासून ते चालू आहे. एक्स्चेंज हा प्रकार मजेसाठी सुरू झाला नव्हता हे मुलांना कळलेलं बरं असतं.

शाळा निवडताना मी एकच गोष्ट जास्त बघते, त्यांच्या वर्गात वेगवेगळ्या देशांतून आलेल्या घरांची मुलं आहेत का. असतील तर स्थलांतरित माणसं भेटायला वेगळी कुठे जायची गरजच राहत नाही, तुमच्या मुलीची होस्ट मैत्रीणच तशा घरातली असते, आणि ती "भेट" नसते, ती मैत्री असते.

हे नुसतं मला वाटतं म्हणून सांगत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की दोन गट नुसते समोरासमोर आणून पूर्वग्रह कमी होत नाहीत, चार गोष्टी लागतात : दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते एकमेकांच्या मदतीशिवाय गाठता येऊ नये, आणि वरच्या लोकांचा म्हणजे शाळेचा त्याला उघड पाठिंबा हवा. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप या दोघांनी ५०० पेक्षा जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, तर भेटीगाठींनी पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात असंच निघालं, या चारही अटी नसल्या तरी थोडा फरक पडतो पण असल्या की जास्त पडतो. आणि कसा कमी होतो तर माहिती वाढल्यामुळे थोडा, पण भीती कमी झाल्यामुळे आणि समोरच्याच्या जागी उभं राहून बघता आल्यामुळे जास्त. आता आमची ती पहिली भेट या चार अटींवर तपासून बघा. दर्जा सारखा नव्हता, एकत्र काम काहीच नव्हतं, आम्ही बघे आणि ते बघण्याची वस्तू. मग काय होणार.

पायरी २ : कागदपत्रं, आणि इथेच पहिला धडा आहे

ही पायरी मी सगळ्यात लांब लिहिणार आहे कारण नवीन शिक्षक इथेच अडकतात आणि इथेच मुलांचं सगळ्यात जास्त शिक्षण होतं.

पहिल्या मीटिंगमध्येच प्रत्येक मुलाचा पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे ते विचारून घ्या, पण वर्गात हात वर करायला लावून विचारू नका, पालकांकडून बंद फॉर्मवर घ्या. कारण वर्गात एखादं मूल असं असतं ज्याच्याकडे इतरांसारखा पासपोर्ट नसतो, आईवडील दुसऱ्या देशातून आलेले असतात, किंवा आश्रयाचा अर्ज अजून चालू असतो, किंवा कुठलंच नागरिकत्व नसतं. सगळ्यांसमोर ते बाहेर आलं तर ते मूल घरी जाऊन सांगतं की मला ट्रिपला यायचंच नाही, आणि आपण समजतो की त्याला इंटरेस्ट नाही.

मग काय काय बघायचं :

पासपोर्टची मुदत. बरेच देश परतीच्या तारखेनंतर काही महिने शिल्लक मागतात, काही तीन, काही सहा. शेंगेन देशांसाठी (म्हणजे युरोपातले, एकाच व्हिसावर फिरता येणारे देश), तिथून निघायच्या तारखेनंतर किमान ३ महिने मुदत आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा.

व्हिसा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, निर्णयाला साधारण १५ दिवस धरलेले असतात पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. म्हणून शेवटच्या महिन्यावर टाकू नका, अपॉइंटमेंट मिळण्यातच कितीतरी दिवस जातात.

निर्वासित म्हणून मान्यता मिळालेल्या मुलाकडे पासपोर्टऐवजी प्रवासाचा वेगळा दाखला असतो, १९५१ च्या निर्वासित कराराच्या कलम २८ प्रमाणे तो मिळतो. सगळे देश तो बिनव्हिसाचा मानतात असं नाही, तेव्हा ज्या देशात जायचंय त्यांच्या वकिलातीला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. आणि ज्या देशातून ते घर पळून आलं त्या देशात, किंवा त्या देशातल्या विमानतळावर मध्ये उतरावं लागेल अशा मार्गाने, त्या मुलाला नेऊ नका. तिकिटं काढताना हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

युरोपियन युनियनमधल्या शाळांसाठी एक चांगली सोय आहे जी बऱ्याच शिक्षकांना माहीतच नसते. तिथे कायदेशीर राहणाऱ्या पण दुसऱ्या देशाच्या नागरिक असलेल्या विद्यार्थ्यांना, शिक्षकासोबत शाळेच्या ट्रिपवर दुसऱ्या सदस्य देशात जाताना वेगळ्या व्हिसाची गरज पडू नये म्हणून १९९४ मध्ये एक सामाईक यादीचा फॉर्म ठरवला गेला. शाळेने ठराविक नमुन्यात विद्यार्थ्यांची यादी करायची, ट्रिपचा हेतू आणि तारखा लिहायच्या. जाण्याआधी दोन्हीकडच्या प्रशासनाकडे ती चालते ना ते तपासून घ्या. या एका फॉर्ममुळे मूल मागे राहायचं वाचतं.

पालकांची संमती. आई आणि वडील दोघांच्या सहीचं पत्र, पालक वेगळे राहत असतील तर ताबा कुणाकडे त्याचा कागद, गरज असेल तिथे नोटरी आणि भाषांतर. भाषांतराला वेळ लागतो हो, दोन आठवडे हातात ठेवा.

आता धडा कुठे आहे तर असं, हे सगळं ऑफिसमध्ये बसून गुपचूप करून टाकू नका, मुलांना त्यात घ्या. कुणाचंही नाव न घेता, बनावट पात्रं करून एक तास घ्या. चार पात्रं, चार वेगळे पासपोर्ट, एकच ट्रिप. एकाला फक्त विमानात बसायचंय, दुसरीला बारा कागद जोडायचेत, तिसऱ्याला बँकेतले पैसे दाखवायचेत, चौथीला अर्जच करता येत नाही. मुलांना स्वतः एम्बसीच्या वेबसाइटवरून कागदांची यादी शोधायला लावा आणि किती वेळ लागतो ते मोजायला सांगा. "पण तिने काय चूक केली?" असा प्रश्न कुठलंतरी मूल विचारतंच, आणि त्या प्रश्नावर वर्ग जेवढा वेळ बोलेल तेवढा बोलू द्या, उत्तर घाईने देऊ नका.

आणि सगळं करूनही एखाद्या मुलाला व्हिसा नाकारला गेलाच तर? आधीच ठरवून ठेवा. क्रम उलटा करता येतो, म्हणजे पार्टनर शाळा आधी आपल्याकडे येईल, म्हणजे त्या मुलाला किमान होस्ट होता येतं. रोजचं ऑनलाइन सत्र त्याच्यासोबत ठेवता येतं, पण त्यात त्याला खरं काम द्या, नुसतं स्क्रीनवर हात हलवायला बसवू नका. आणि बाकीच्या मुलांना काय सांगायचं ते त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना विचारून ठरवा.

पायरी ३ : पैसे, औषधं, इन्शुरन्स

पटकन सांगते. ग्रँट मिळत असेल तर अर्ज वेळेत, न मिळाल्यास खर्च सगळ्यांना सारखा आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी शाळेचा फंड, कुणाला मिळाला ते फक्त एका शिक्षकाला माहीत. मेडिकल इन्शुरन्स ग्रुपचा काढा आणि त्यात लवकर घरी परतावं लागलं तर खर्च धरलाय का ते वाचून घ्या. औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसोबत, औषधाच्या घटकाचं नाव लिहून. साधं वाटणारं औषध पण दुसरीकडे चालत नाही, उदाहरणार्थ जपानमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त स्युडोएफेड्रिन असलेलं सर्दीचं औषध घेऊन जाता येत नाही.

पायरी ४ : होस्ट घरं

मूल अनोळखी घरात राहणार आहे, तेव्हा इथे संकोच नको. त्या देशात पोलीस पडताळणीची सोय असेल तर ती झालीच पाहिजे, घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची. स्वतंत्र बेड, आतून लावता येणारं बाथरूमचं दार, घरात प्राणी आहेत का, कोण सिगरेट ओढतं का, एवढं लेखी. पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलांना शक्य असेल तर एका घरात दोघं ठेवा. शिक्षकाचा एक नंबर चोवीस तास चालू, आणि मुलांसोबत एक साधा शब्द ठरवून ठेवा, मेसेजमध्ये तो शब्द आला की काहीही न विचारता शिक्षक त्या घरी पोचणार. आम्हाला तो एकदाच लागला, कारणही किरकोळ निघालं, पण तो शब्द आहे हे माहीत असल्यामुळे बाकीची मुलं निर्धास्त झोपली.

स्थलांतरित कुटुंबं होस्ट व्हायला पुढे येत नाहीत असं बऱ्याचदा होतं, घर लहान आहे, भाषा नीट येत नाही, आम्हाला कोण विचारणार असं त्यांना वाटतं. पार्टनर शाळेला सांगा की अशा घरांना खास जाऊन विचारा, वेगळी खोली नसली तरी चालेल, खर्चाला मदत करू. माझ्या एका विद्यार्थिनीला असंच तीन खोल्यांचं, सहा माणसांचं घर मिळालं होतं आणि ती परत आल्यावर सगळ्यात जास्त त्याच घराबद्दल बोलत होती, की आजी तिच्याशी एक शब्द समान नसताना रोज संध्याकाळी तासभर गप्पा मारायच्या.

पायरी ५ : निघायच्या आधीचे तीन महिने

शब्द आधी. मुलं सगळ्यांना एकाच पिशवीत टाकतात. स्थलांतरित म्हणजे राहायची जागा बदललेला कुणीही, कामासाठी, शिक्षणासाठी, लग्नासाठी. निर्वासित म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मतं यामुळे छळ होईल अशी साधार भीती असल्याने देशाबाहेर असलेला, ही व्याख्या १९५१ च्या करारातली. आश्रय मागणारा म्हणजे ज्याच्या अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. आणि विस्थापित म्हणजे घर सोडावं लागलं पण देशाची सीमा ओलांडली नाही.

मग आकडे, पण थोडेच. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जन्माच्या देशाबाहेर राहणारे लोक जगात साधारण ३० कोटी ४० लाख होते. जबरदस्तीने घर सोडावं लागलेले, यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ च्या शेवटी, १२ कोटी ३२ लाख, आणि त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःच्याच देशात विस्थापित. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा आणि मग आकडा दाखवा. आमच्याकडे जवळपास सगळ्यांना वाटत होतं की निर्वासित बहुतेक श्रीमंत देशांत जातात, प्रत्यक्षात बहुतेक जण शेजारच्या देशातच थांबतात आणि साधारण चारातले तीन कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत असतात.

आता एक ॲक्टिव्हिटी जी मुलं कधीच विसरत नाहीत. ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९५८ नको असलेल्या लोकांना बाहेर ठेवायला श्रुतलेखनाची परीक्षा होती, अधिकारी ५० शब्दांचा उतारा वाचणार आणि येणाऱ्याने तो लिहायचा, भाषा कुठली ते अधिकारी ठरवणार. १९३४ मध्ये एगॉन किश नावाचा पत्रकार आला, त्याला बऱ्याच युरोपियन भाषा येत होत्या, तर त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये उतारा घातला, म्हणजे नापास होणारच (पुढे हे प्रकरण तिथल्या हायकोर्टात गेलं आणि कोर्टाने ती भाषा त्या कायद्यापुरती युरोपियन भाषा धरता येणार नाही म्हणून त्याच्या बाजूने निकाल दिला). वर्गात हेच करा, कुणालाही न येणाऱ्या भाषेतला उतारा मोबाइलवर लावा आणि मुलांना गंभीरपणे लिहायला सांगा, आधी कारण सांगू नका. पाच मिनिटं. मग पेपर गोळा करून सांगा की सगळे नापास, आता ही गोष्ट ऐका.

त्यानंतर घरी विचारायचा अभ्यास : आपल्या घरातलं कोण, कधी, कुठून कुठे गेलं आणि का. दोन-तीन पिढ्या मागे जाऊ द्या. जवळपास प्रत्येक घरात कुणीतरी हललेलं असतंच. पण हा अभ्यास ऐच्छिक ठेवा हं, काही घरांसाठी ती गोष्ट अजून ओली जखम असते.

आणि भाषा. पार्टनर देशाच्या भाषेतले पन्नास शब्द आणि दहा वाक्यं, त्यात "मला समजलं नाही", "परत हळू सांगाल का" आणि "मदत हवीय" ही तीन पाठ.

पायरी ६ : तिकडे पोचल्यावर

पहिले दोन दिवस रिकामे ठेवा. मुलं थकलेली असतात आणि कानावर सतत परकी भाषा पडत असते, त्याने डोकं दुखतं, खरंच. मुद्दाम एक छोटं काम मात्र द्या, दोघादोघांनी फोनमधलं भाषांतराचं ॲप न वापरता एखादी वस्तू विकत आणायची किंवा बसचा पास काढायचा (शिक्षक लांबून बघत असणार). त्या संध्याकाळी विचारा, मान खाली घालायची वेळ आली का, कुणी मोठ्याने बोललं का, कुणी मदत केली का. आणि मग शांतपणे, हे रोज असेल तर? तुझं वय चाळीस असेल आणि सोबत तुझी मुलं बघत असतील तर?

रोज रात्री डायरी, तीन रकाने : दिसलं काय, मला काय वाटलं, आणखी काय असू शकेल. एका मुलाने लिहिलं होतं, जेवताना कुणीच बोललं नाही. दुसऱ्या रकान्यात, मी त्यांना आवडत नाही. तिसरा रकाना रिकामा. दुसऱ्या दिवशी त्याला होस्ट मुलाकडून कळलं की आईला यांच्यासमोर चुकीचं इंग्लिश बोलायची लाज वाटत होती. तिसरा रकाना भरायला लागला की ट्रिप वसूल. अजून खोल जायचं असेल तर युरोप परिषदेने २००९ मध्ये अशा भेटींवर विचार करायला प्रश्नांचा एक संच बनवलाय, तो मोफत आहे.

एकत्र काम असं निवडा की दोघांशिवाय होणार नाही. जिगसॉ पद्धत वापरा, एलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिनमधल्या शाळांसाठी ती काढली होती, तिथे तेव्हा वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात बसायला लागली होती आणि भांडणं होत होती. गटातल्या प्रत्येकाला माहितीचा एकच तुकडा द्यायचा, म्हणजे सगळ्यात गप्प बसणाऱ्याचं पण ऐकावंच लागतं.

म्युझियम जवळ असेल तर अर्धा दिवस द्या, पण स्थलांतराचं. न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, जिथून १८९२ ते १९५४ मध्ये साधारण १ कोटी २० लाख लोक आत आले. बेल्जियममधल्या अँटवर्पचं रेड स्टार लाइन (ही जहाज कंपनी होती) म्युझियम, ज्या इमारतींमध्ये जहाजावर चढण्याआधी तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची डॉक्टरी तपासणी व्हायची आणि कपडे निर्जंतुक केले जायचे त्याच इमारतींमध्ये ते आहे. जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनच्या म्युझियममध्ये तर आत जातानाच खऱ्या प्रवाशाच्या नावाचा बोर्डिंग पास देतात आणि तुम्ही त्याच माणसाची गोष्ट शोधत पुढे जाता. युरोपातून एवढी माणसं पोटासाठी बाहेर पडली होती हे बघून मुलं गप्प होतात, कारण त्यांच्या डोक्यात उलटंच चित्र असतं.

पायरी ७ : स्थलांतरित लोकांना भेटायचं असेल तर

भेट ठेवूच नका असं मी म्हणत नाही. पण माझे आता काही पक्के नियम आहेत.

त्यांच्या राहत्या जागी जायचं नाही. ते कुणाचं तरी घर असतं, तात्पुरतं असलं तरी. शाळेत, लायब्ररीत, मैदानावर भेटा, आणि काहीतरी करा, फुटबॉल, रंगकाम, बागकाम, ज्यात ते शिकवतील आणि आपण शिकू असं काहीतरी असलं तर सगळ्यात छान.

"तुम्ही का पळून आलात", "बोटीतून आलात का", "तिकडे तुमचं कोण वारलं" हे प्रश्न मुलांनी विचारायचे नाहीत. त्या माणसाने आश्रयाच्या मुलाखतीत अधिकाऱ्यांसमोर हेच पुन्हा पुन्हा सांगितलेलं असतं आणि एक तारीख चुकली तरी त्याचं ऐकणारं कुणी नसतं. आपल्यासमोर परत सांगायची त्याच्यावर वेळ का यावी. आमच्यातल्या एका मुलाने पहिल्या वेळी बोटीचा प्रश्न विचारला आणि समोरचा मुलगा, सोळा वर्षांचा असेल, उठून बाहेर गेला. दोष आमच्या मुलाचा नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता आम्ही आजच्या दिवसाचे प्रश्न तयार करून नेतो : इथे तुला कुठली जागा आवडते, कुठलं गाणं ऐकतोस, नवीन आलेल्याला तू काय सांगशील. स्वतःहून त्याने मागचं सांगितलं तर ऐका, मध्ये बोलू नका.

बोलायला बोलावलेल्या व्यक्तीला मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च द्या. बाकी वक्त्यांना देतो ना आपण.

फोटो नाही. अर्ज चालू असलेल्यांचे नातेवाईक मागे त्याच देशात असतात, एका पोस्टमुळे त्यांना त्रास होऊ शकतो. मुलांचे फोन त्या दोन तासांपुरते बॅगेत.

आणि भाषांतरासाठी त्यांच्या मुलांना उभं करू नका. नवीन देशात भाषा मुलं आधी शिकतात म्हणून दवाखान्यात, ऑफिसात आईबापांसाठी तीच बोलतात, जे ऐकू नये ते पण ऐकतात. एक दुभाषा ठरवा.

पायरी ८ : बिनसलं तर

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीजण रडणार. कल्चर शॉक म्हणतात त्याला, कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या लेखात त्याचं नीट वर्णन केलंय, सुरुवातीची मजा संपली की सगळं चुकीचं वाटायला लागतं, घरचं सगळंच चांगलं वाटतं. मुलांना आधी सांगून ठेवा की हे येणार आहे. घरी फोन दिवसातून एकदा ठराविक वेळी, सतत नाही, कारण फोन ठेवल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

कुणी वाईट बोललं तर, आपलं मूल असो की त्यांचं, त्याच दिवशी बोलायचं. आधी ज्याला लागलं त्याच्याशी एकट्याने, मग बोलणाऱ्याशी, आणि दोन्ही शाळांचे शिक्षक एकत्र. सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका, ते ज्याला लागलंय त्याच्यासाठीच जास्त अवघड होतं. आणि आपल्या मुलांनाच रस्त्यावर कुणी "परत जा" म्हटलं, असं झालंय आमच्याबरोबर, तर हसून उडवू नका. त्या रात्री आम्ही डायरी बाजूला ठेवली, सगळे एका खोलीत बसलो. एक मुलगी म्हणाली, मॅडम मी तर चार दिवसांनी जाणारच आहे.

पायरी ९ : परत आल्यावर

पहिला आठवडा प्रेझेंटेशन मागू नका. मुलं घाईघाईने स्लाइड्स बनवतात आणि त्यात इमारती असतात. एक महिन्याने डायऱ्या काढा, तिसरा रकाना आता पुन्हा भरायला सांगा. शाळेतल्या बाकीच्यांसाठी काही करायचं असेल तर २० जून हा जागतिक निर्वासित दिन आहे आणि १८ डिसेंबर आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिन, पण त्या दिवशी पोस्टर लावण्यापेक्षा शाळेत या वर्षी नवीन आलेली मुलं कोण ते बघा, आणि ट्रिपला गेलेल्यांपैकी दोघांना प्रत्येकासोबत पहिला महिना जोडून द्या. कुठे बसायचं, डबा कुठे खायचा, कुठले सर काय म्हटल्यावर चिडतात, हे सांगायला.

मग पार्टनर शाळेची मुलं आपल्याकडे येतात आणि आपली मुलं होस्ट होतात. ही तयारी मी पूर्णपणे मुलांवर सोपवते, फक्त एक कागद देते, "तिकडे असताना पहिल्या दिवशी तुला काय कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं?" गेल्या वेळी त्यांनी जी यादी केली तीच आता आम्ही प्रत्येक घराला देतो. बाथरूमचा नळ कुठल्या बाजूला गरम ते दाखवा. वायफायचा पासवर्ड लिहून चिकटवा. हळू बोला, मोठ्याने नाही. नाव कसं उच्चारायचं ते विचारा आणि बरोबर येईपर्यंत म्हणा. थकल्यासारखं वाटलं तर खोलीत जायला सांगा, वाईट वाटून घेऊ नका. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या अक्षरात, त्या "मी तर जाणारच आहे" म्हणणाऱ्या मुलीने लिहिलेलं : कधी परत जाणार हे पहिल्याच दिवशी विचारू नका.